दीडहजारी

त्यांच्या गोष्टी मी फार चांगल्या सांगते, असं आमच्या साइटवर सगळ्यांचं मत होतं. चहाची वेळ झाली की कोणीतरी म्हणायचंच, "ए ताई, तो पोलिसवाला किस्सा सांग ना." मग मी त्यांच्यासारखी मान वर करायचे, एक डोळा मिटायचे, खिशातून नसलेली काच काढायचे आणि सुरू व्हायचे. हशा ठरलेला असायचा. एकदा ह्याच गोष्टी मी एका बंद खोलीत टेबलापलीकडच्या तीन माणसांना सांगितल्या. तेही हसले. त्या हसण्याने काय झालं ते मला सांगायचं आहे, पण माणूसच माहीत नसेल तर त्यातलं काही कळणार नाही. म्हणून आधी माणूस.

आम्ही त्यांना दीडहजारी म्हणायचो, अर्थात पाठीमागे. तोंडावर काका. आपल्याकडे गाड्यांच्या डोक्यावरच्या तारेत पूर्वी दीड हजार व्होल्टची डीसी वीज होती. मग ती काढून पंचवीस हजार व्होल्टची एसी आणली. काकांची जवळजवळ सगळी नोकरी डीसीच्या तारांखाली गेली आणि शेवटची थोडी वर्षं एसीखाली. ते निवृत्त झाले आणि आमच्या ठेकेदार कंपनीने त्यांना गँगचा सुपरवायझर म्हणून उचललं. अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये नव्या लाइनी पडत होत्या, चिखलोलीला स्टेशन व्हायचं होतं, तारा ओढायला माहीतगार माणूस हवा होता. मी आयटीआय करून एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करत होते, तिथून इकडे आले. गँगमधली एकटी बाई.

गँगमध्ये मिलिंद होता. उल्हासनगर कॅम्प दोनचा, शिडीवर सगळ्यांत हलका, तार कापायला हात सफाईदार. ह्याच कामावर त्याचा जीव गेला. त्याची बायको सुनंदा, तिला नंतर एकच गोष्ट हवी होती. त्याची स्वतःची चूक होती की नव्हती, हे तिला ऐकायचं होतं. ते सांगू शकतील अशी जगात दोनच माणसं होती, काका आणि मी.

काका बुटके होते. कान मोठे, मान कायम मागे कललेली. आयुष्यभर वर बघून त्यांची मान तशीच राहिली होती, त्यामुळे ते जमिनीवरच्या माणसाशी बोलतानाही त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत असल्यासारखे वाटायचे. शर्टाच्या खिशात वेल्डिंगची काळी काच, रुमालात गुंडाळलेली. हस्तांदोलन कुणाशी करायचे नाहीत. घरातले सगळे प्लग रात्रीच नाही, दिवसासुद्धा, काम झालं की उपटून ठेवायचे, तेही हातात कापड घेऊन. काकू होत्या तोवर त्यांचा मिक्सर माळ्यावर होता. काकू पाट्यावर वाटायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या ह्यांना ठिणगीचा नाद आहे. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना दारूचा असतो."

नादच होता तो. ठिणगी म्हणजे विजेच्या दोन टोकांमध्ये फट पडली की तिच्यात पेटते ती. गाडीच्या टपावरचा पेंटोग्राफ तारेला घासत जातो, मध्येच जरा सुटतो, तेव्हा दिसते ती. आपण बघतो आणि विसरतो. काका विसरायचे नाहीत. डीसीची ठिणगी जाड आणि पिवळट, एसीची निळी आणि तुटक, इथपर्यंत आम्हालाही दिसायचं. काकांकडे त्याच्यापुढे शब्द होते. कोरडी, चावरी, रडकी, दुखरी. दुखरी सगळ्यांत वाईट. दुखरी दिसली की त्या जागी तारेत काहीतरी बिघडलंय आणि ती थोड्या दिवसांत तुटणार, असं ते सांगायचे. बरेचदा तसं व्हायचंही, हे मात्र मी गोष्ट सांगताना गाळायचे. त्याने गोष्टीतली मजा जायची.

"एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते," ते सांगायचे. "म्हणजे शंभर वेळा मरते. फट पुरेशी असली की मेल्यावर परत उठत नाही, विझते. डीसीला शून्य माहीतच नाही. एकदा लागली की लागली. तिला खेचून, लांब करून, तोडून मारावी लागते." माणसांचेही त्यांनी असेच दोन भाग केले होते. आमचा साइट मॅनेजर एसी, भडकला की मिनिटात गार. काकू डीसी. मिलिंद एसी. माझ्याबद्दल विचारलं तर ते म्हणायचे, "हिचं अजून ठरायचंय."

घरी त्यांच्याकडे बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, अकरा की बारा. त्यात तांब्याचे तुकडे. जळालेले, खड्डे पडलेले, वितळून थेंब लोंबणारे. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर खांबाचा नंबर. पाहुणा आला की पोह्यांच्या आधी डबा यायचा. डीसीचा तुकडा कसा ओळखायचा ते ते शिकवायचे. डीसी एका बाजूचं तांबं खाते आणि दुसऱ्या बाजूला नेऊन चिकटवते, म्हणून इकडे एक मोठा खड्डा आणि तिकडे उंचवटा. एसी दोन्हीकडे सारखी कुरतडते, बारीक बारीक, मोहरी सांडावी तशी. माझ्या लग्नात त्यांनी मला आहेर म्हणून लाल मखमलीच्या डबीत डीसीच्या शेवटच्या तारेचा इंचभर तुकडा दिला. सासूबाईंनी सगळ्यांसमोर डबी उघडली आणि विचारलं, "हे कुठल्या देवाचं?"

आता तो पोलिसवाला किस्सा. रविवारी सकाळी काका अंबरनाथच्या फलाटाच्या अगदी टोकाला उभे राहायचे, डोळ्याला काळी काच, हातात वही. दोन-तीन तास गाड्या बघायचे आणि लिहायचे. एक दिवस एका पोलिसाने विचारलं, "काय हो आजोबा, काय लिहिताय?"

"ठिणग्या मोजतोय."

"कशाला?"

"कोणीतरी मोजायला नको?"

वही उघडली तर आत नुसते खांबांचे नंबर आणि पुढे 'दुखरी', 'चावरी', 'ही आठवड्यात जाईल'. पोलिसाचा चेहरा बदलला. आठवड्यात काय जाईल, असं विचारल्यावर काकांनी शांतपणे सांगितलं, "तार." मग त्यांना आत बसवलं. वहीच्या मागच्या पानावर माझा नंबर होता म्हणून मला फोन आला. मी पोचले तेव्हा काका चौकीतल्या पंख्याच्या बटणाकडे बोट दाखवून हवालदाराला समजावत होते की हे आतून काळं पडलंय, तुम्ही रोज जिवाशी खेळताय. हवालदार स्क्रू ड्रायव्हर शोधत होता.

आणि साईंचं दुकान. कॅम्प दोनच्या बाजारात एका सिंधी शेटचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यांना सगळे साईं म्हणतात. हल्ली लोक गच्चीवर सोलरची पॅनेलं लावतात, त्यातून निघते ती डीसी. साईं सोलरसाठीही घरातले साधे स्विच विकत होते. काका त्यांना म्हणाले, "साईं, हा स्विच एसीचा आहे. डीसीला हा तोडू शकणार नाही. माणूस बंद करेल, आणि आत ती जळत बसेल."

"काका, एकदम बढिया माल है. गारंटी देतो ना मी."

"गॅरंटी कुणाला देणार? घर जळाल्यावर?"

साईं ऐकेनात. मग काका दुकानाबाहेर प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसले. हातात एक जळका स्विच. येईल त्या गिऱ्हाइकाला थांबवून विचारायचे, "सोलरसाठी घेताय?" असे चार रविवार. पाचव्या रविवारी साईंनी डीसीचे वेगळे स्विच मागवले आणि काकांसाठी बाहेर टेबल फॅन लावला. काकांनी बसायच्या आधी त्याचा स्विच उघडून बघितला. ही गोष्ट मी सांगायचे तेव्हा शेवट त्या टेबल फॅनवर करायचे. मधे डीसीचे स्विच मागवले गेले, ते वाक्य घाईत उरकायचे.

कामावर मात्र त्यांच्याशी गंमत चालायची नाही. आम्ही ज्या तारा ओढत होतो त्या अजून कशालाच जोडलेल्या नव्हत्या. नव्या कोऱ्या. तरी त्या मेलेल्या नव्हत्या. शेजारच्या चालू लाइनीतले पंचवीस हजार व्होल्ट नुसत्या शेजाराने आपल्या तारेत वीज चढवतात, स्पर्श नाही, जोड नाही, काही नाही. नवा पोरगा आला की त्याला हे पटायचंच नाही. काका म्हणायचे, "डीसीच्या वेळी असं नव्हतं. बंद म्हणजे बंद. एसी शेजारच्याच्या घरात पण शिरते." म्हणून काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेला अर्थिंगचा रॉड लावायचा. आधी त्याची जाड केबल खाली रुळाला क्लॅम्पने आवळायची, मग दांड्याचा आकडा वर तारेत अडकवायचा. चढलेली वीज जमिनीत जाते. आणि तार मध्ये कापायची असेल तर दोन्ही रॉड हवेतच. कापली की तिचे दोन तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला आपला रॉड.

ह्यात काकांनी स्वतःची एक पद्धत घातली होती. क्लॅम्प लावण्याआधी रूळ तारेच्या ब्रशने चकचकीत घासायचा, स्क्रू पूर्ण आवळायचा, आणि लावणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, "बांधला!" दुसऱ्याने उकिडवं बसून दोन्ही हातांनी, अंगातला सगळा जोर लावून क्लॅम्प ओढून बघायचा, आणि तो हलला नाही तर ओरडायचं, "धरला!" हे दोन शब्द ऐकल्याशिवाय कोणी शिडीवर पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या गँगची पोरं आम्हाला हसायची. लांबून ओरडायची, "ओ बांधला-धरला, चाय पिला क्या?" आमचं काम त्यांच्यापेक्षा अर्ध्या तासाने मागे असायचं. मॅनेजर रोज घड्याळ दाखवायचा. काका त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचे.

त्यांच्या पायाला मात्र एक जुनी सवय होती. डीसीच्या काळात क्लॅम्प रुळात सारून टाचेने एक ठोकर मारायची, बस. तेवढं पुरायचं, असं ते म्हणायचे, आणि लगेच दम द्यायचे, "तुमच्यापैकी कोणी टाच मारताना दिसला तर तिथूनच घरी." कधी कधी बोलता बोलता त्यांचाच पाय उचलला जायचा. मग ते स्वतःच्या पायाकडे असे रागाने बघायचे की मिलिंद म्हणायचा, "काका, पायाला मेमो द्या."

त्या दिवशी मळभ होतं. जेवणाच्या आधीचं शेवटचं काम, तार कापून तिथे जोड घालायचा. पलीकडचा रॉड दुसऱ्या दोघांनी लावला होता, त्यांचं "धरला" ऐकू आलं होतं. अलीकडचा काका आणि मी लावत होतो. मिलिंद शिडीच्या गाडीजवळ पट्टा बांधत होता. "काका, चारला आमच्याकडे पाणी येतं. टाकी भरायची आहे. तेवढं बघा," तो म्हणाला. काकांनी मान हलवली. मी ब्रश घेऊन रूळ घासायला घेतला होता, अर्धा झाला होता. काकांनी क्लॅम्प रुळावर ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या लाइनीवरून मालगाडी आली. इंजिनाच्या टपावर, आमच्यापासून दोन खांब पुढे, निळी लांब ठिणगी निघाली आणि कापड फाडावं तसा आवाज झाला. काका ताडकन उभे राहिले. "दुखरी! बघितलीस? केवढी दुखरी!" डोळ्याला काच, दुसऱ्या हातात वही. खांबाचा नंबर वाचायला ते टाचा उंचावून बघू लागले. नंबर लिहिता लिहिता त्यांचा पाय मागे गेला, त्याने क्लॅम्पला ठोकर मारली, आणि वहीतून नजर न काढता ते ओरडले, "बांधला!"

मी हे सगळं बघत होते. माझ्या हातात ब्रश होता. मला खाली बसायचं होतं आणि क्लॅम्प ओढायचा होता. पण मी उभीच होते, कारण मला हसू येत होतं. ते टाचा उंचावून उभे राहिलेले, तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, आणि पाय आपला आपला काम करतोय. चहाच्या वेळी हे कसं करून दाखवायचं, ह्याचा मी विचार करत होते. मी ओरडले, "धरला!"

दांड्याचा आकडा वर अडकवला गेला. मिलिंद चढला. त्याने कटर लावला. तार सुटली तसं आमच्या बाजूचं टोक त्याच्या हातात राहिलं. आवाज मोठा झाला नाही. तो पट्ट्यात लोंबकळला आणि त्याचा एक बूट खाली पडला.

त्याला खाली घेतलं, छाती दाबली, रिक्षा नाही, टेम्पोत घातलं, सगळं केलं. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेलेला होता. टेम्पोत जागा नव्हती म्हणून मी मागे राहिले, काका मात्र टेम्पोपर्यंतही आले नाहीत. मला राग आला होता. मागे वळून बघितलं तर ते रुळापाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी क्लॅम्प सोडवला, तो हातात फिरला इतका सैल होता. त्याच्या जबड्याची आतली बाजू त्यांनी माझ्यापुढे धरली. धातूवर बारीक ताजे खड्डे, मोहरी सांडल्यासारखे.

"वीज इथून जायला बघत होती," ते म्हणाले. "वाट नव्हती. मग ती त्याच्यातून गेली."

त्यांनी मला काही विचारलं नाही. रुमालात त्यांनी तो क्लॅम्प गुंडाळला.

कंपनीने चौकशी बसवली. एमआयडीसीतल्या ऑफिसात, एसी खोलीत तीन माणसं. मॅनेजर, सेफ्टीवाला आणि बाहेरून बोलावलेले एक इंजिनीअर साहेब. गँगमधल्या बाकीच्यांनी सांगितलं की मिलिंदने बहुतेक रॉडच्या पलीकडे, सुरक्षित हद्दीच्या बाहेर हात घातला असावा. कोणी बघितलं नव्हतं. पण असावा, असं म्हणणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. मेलेल्या माणसाची चूक कोणाच्या नोकरीवर येत नाही.

काकांनी तिथे जाऊन सांगितलं की चूक माझी. क्लॅम्प मी आवळला नाही, ठोकर मारली, आणि बांधला म्हणून ओरडलो. रुमाल सोडून त्यांनी क्लॅम्प टेबलावर ठेवला आणि मोहरीचे खड्डे दाखवले. सोबत तुलनेला म्हणून घरून तीन बिस्किटांचे डबे नेले होते. हा डीसीचा, हा एसीचा, हा सैल जोडाचा, असं ते तासभर सांगत राहिले. इंजिनीअर साहेबांनी विचारलं, "आणि 'धरला' कोण म्हणालं?"

"आठवत नाही," काका म्हणाले.

वीस वर्षांपूर्वीच्या खांबाचा नंबर ज्यांना पाठ होता, त्यांना हे आठवत नव्हतं. हे मला इंजिनीअर साहेबांनीच सांगितलं, कारण काकांनंतर मला बोलावलं होतं. काकांची लेखी जबानी माझ्यासमोर होती. तिच्यात माझं नाव कुठेच नव्हतं.

"तुम्ही त्यांच्याबरोबर बरंच काम केलंय," साहेब म्हणाले. "माणूस विसराळू झालाय का? म्हणजे, स्पष्टच विचारतो, डोकं ठिकाणावर आहे ना? हे डबे, ही मोहरी, हे काय प्रकरण आहे?"

तिथे मी म्हणू शकत होते, की साहेब, खड्डे खरे आहेत, आणि धरला मी म्हणाले. एवढी दोन वाक्यं. मी घाबरले. पोलीस केस होईल, नाव होईल, सासरी काय सांगू, असं सगळं डोक्यात आलं. माझ्या तोंडून निघालं, "त्यांचं असंच आहे, साहेब." आणि मग मी पोलिसवाला किस्सा सांगितला. मॅनेजर हसला. मग मी साईंच्या दुकानाचा सांगितला, टेबल फॅनसकट. मग लग्नातली डबी सांगितली, सासूबाईंचं वाक्य त्यांच्या आवाजात सांगितलं. सेफ्टीवाल्याने डोळे पुसले. इंजिनीअर साहेब सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले. मी मान वर करून, एक डोळा मिटून ठिणगी बघणारे काका त्यांना करून दाखवले, आणि मिलिंद जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

निकाल लागला. कामगाराने सुरक्षित हद्द ओलांडली. सुपरवायझरचं म्हणणं वय व मनःस्थिती पाहता ग्राह्य धरता येत नाही. काकांना कंपनीने सन्मानाने घरी पाठवलं, शाल दिली. डबे परत दिले. क्लॅम्प कुठे गेला कोणाला माहीत नाही.

काका सुनंदाकडेही गेले. पहिल्यांदा गेले ते मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या, मरणानंतरच्या विधीच्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं, बुद्धवंदना चाललेली. संपेपर्यंत ते मागे उभे राहिले आणि मग सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुमच्या मिस्टरांची चूक नव्हती. माझी होती." लोकांना वाटलं म्हातारा धक्क्याने बोलतोय. त्यांना धरून खाली नेलं, रिक्षात बसवलं. दुसऱ्यांदा ते एक डबा घेऊन गेले आणि तिला तांब्याचे तुकडे दाखवू लागले, तिने घाबरून शेजारणीला हाक मारली. तिसऱ्यांदा मिलिंदचा मोठा भाऊ दारात उभा राहिला. "जय भीम, काका. तुमचं दुःख कळतं आम्हाला. पण आता येऊ नका. सुनंदा रात्रभर झोपत नाही तुम्ही आलात की."

हे मला काकांनीच सांगितलं. त्यांच्या मुलाने चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं होतं. तिथे काकांना भेटायला मी एकदाच गेले. त्यांनी चहा केला, गॅसवर, लायटर न वापरता काडेपेटीने. ते आता वहीत काही लिहीत नव्हते. मी वाट बघत होते की ते मला विचारतील, आणि मी काय सांगायचं ते रिक्षात ठरवून आले होते. त्यांनी विचारलंच नाही. निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "माझं ती ऐकत नाही. ऐकायचं कारणही नाही तिला. ती तुला विचारेल कधीतरी. तेव्हा सांगून टाक."

"सांगते, काका," मी म्हटलं.

ते वर्षभरात गेले. मुलाने दहाव्याला मला बोलावलं आणि म्हणाला, ताई, बाबांच्या चार आठवणी सांगा, तुम्ही छान सांगता. मी सांगितल्या. रडणारी माणसं हसली, आणि मुलगा मला म्हणाला की बरं वाटलं.

सुनंदाला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं आहे. नटबोल्ट, इन्सुलेटर, ग्लोव्ह्ज देते, सह्या घेते. कामाला चोख आहे. मला ताई म्हणते. गेल्या महिन्यात दुपारी डबा खायला मी तिच्याकडे बसले होते. दुसरं कोणी नव्हतं. तिने अर्धी भाजी मला वाढली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? रागवू नका."

"विचार ना."

"ते काका वारले ना. त्यांच्या मुलाने मला एक चिठ्ठी आणून दिली. बाबांनी शेवटी लिहिलेली, म्हणाला. परत तेच. तुमच्या मिस्टरांची चूक नव्हती, क्लॅम्प मी आवळला नव्हता. मला वाटतं, मरणाऱ्या माणसाने खोटं कशाला लिहावं? पण सगळे म्हणतात त्यांचं डोकं गेलं होतं. ऑफिसातले पण म्हणतात. तुम्ही त्यांना जवळून ओळखत होतात. आणि तुम्ही तिथे होतात. मी आता कुणाला नाही विचारणार. तुम्ही सांगाल ते मी खरं मानते."

काकांनी म्हटलेली वेळ आली होती. पोलीस केस आता कोणी करणार नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. फार तर सुनंदाने मला ताई म्हणणं सोडलं असतं. मी घास गिळला.

"त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं गं," मी म्हटलं.

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. "म्हणजे ह्यांनीच हात पुढे घातला."

"हो."

"माझी पोरगी ऐकत नाही हो. आठवीत आहे. पप्पा असं करणारच नाहीत म्हणते. ती चिठ्ठी तिने बाबासाहेबांच्या फोटोखाली लावून ठेवली आहे. आली-गेली माणसं वाचतात, आणि गप्प बसतात." तिने डब्याला झाकण लावलं. "बरं झालं तुम्हाला विचारलं. आज घरी गेले की काढून फाडून टाकते."

मी म्हटलं, "हो. टाक."